आठवा मासा

सगळ्यात आधी एक गोष्ट मान्य करून टाका. चीनमधल्या ली नदीच्या आमच्या वळणावर माझ्याइतका देखणा तराफेवाला दुसरा नाही! मीच सांगतोय म्हणून हसू नका. दंड बघा, खांदे बघा, दात मोजा, बत्तीसच्या बत्तीस! उभ्या धारेत तराफा असा नेतो की मागे बसलेल्याच्या कपातला चहा हिंदकळत नाही. इंग्रजीची अठ्ठेचाळीस वाक्यं तोंडपाठ आहेत, त्यात 'तुमचे डोळे या नदीसारखे आहेत' हेसुद्धा आहे!

आणि हे सगळं असून माझा फोटो कोण काढतं? कुणी नाही!

फोटो कुणाचे काढतात? माझ्या आबांचे!

वय वर्षं एकोणऐंशी. दात साडेतीन. अर्धा आम्हीच धरतो, नाहीतर ते चिडतात. पण हनुवटीवर पांढरीशुभ्र दाढी, पार बेंबीपर्यंत! रोज सकाळी धुक्यात ते काथ्याचं इरलं पांघरतात, बांबूची टोपी घालतात, हातात कंदील धरतात आणि तराफ्यावर नुसते उभे राहतात. नुसते! मासे धरणं बंद करून त्यांना वीस वर्षं झाली. आणि काठावर बोचकेवाल्यांची ही गर्दी! बोचकेवाले म्हणजे ते हो, पाठीवर स्वतःपेक्षा मोठं गाठोडं घेऊन जगभर हिंडणारे. आमच्या यांगशुओ गावात डासांपेक्षा जास्त सापडतील. त्यांच्यातल्या पोरी आबांच्या गळ्यात हात टाकतात, गालाला गाल लावतात, 'सो क्यूट' म्हणतात. आणि मी शेजारच्या तराफ्यावर छाती काढून उभा असतो, तर मला सांगतात, "जरा बाजूला होता का? मागचा डोंगर झाकला जातोय!"

झाकला जातोय! डोंगर!

तेही एक वेळ सोडून दिलं असतं. पण युनचं काय?

युन म्हणजे छिन च्याओयुन. थान मावशींच्या 'चंद्रपूल' धर्मशाळेत कामाला आहे. रोज पहाटे बोचकेवाल्यांना उठवून नदीवर आणणं हे तिचं काम. ती हसली की डाव्या गालावर अशी एक खळी पडते की... जाऊ द्या. तर ही युन आल्या आल्या काय करते? आबांच्या गळ्याला स्वतःची लाल शाल गुंडाळते. सोयाबीनचं गरम दूध फुंकर घालून पाजते. दाढी विंचरते! कंगवा घेऊन! आणि आबा मुद्दाम मान वाकडी करून म्हणतात, "युन पोरी, इकडे एक गाठ राहिली बघ." गाठ वगैरे काही नसते. मी बघितलंय. जवळून!

एकदा न राहवून आईला म्हणालो, "आई, या वयात आबांना हे शोभतं का?"

आई मिरच्या कुटत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या वयात तुला हे शोभतं का? सख्ख्या आजोबांवर जळतोस? नको एवढा जळू, घर बांबूचं आहे."

अशी आमची आई.

आता मामाबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं मामामुळे झालं. मामा म्हणजे आबांचा म्हातारा पाणकावळा. पूर्ण नाव 'तिसरा मामा'. लांब मान, गोल डोळे, जेवणाच्या वेळेला बरोबर हजर आणि न चावता गिळणं. आबा म्हणाले, हा तर सुनेचा तिसरा भाऊ! तेच नाव पडलं. खरा तिसरा मामा चार वर्षं नववर्षाच्या जेवणाला आलेला नाही.

तर आमचे पाणकावळे मोजतात. खोटं वाटतं ना? नदीवर कुणालाही विचारा. पूर्वी मासे धरायचे तेव्हा पाणकावळ्याच्या गळ्याला गवताची सैल दोरी बांधायचे, म्हणजे मोठा मासा गिळता येत नाही, मालकाला आणून द्यावा लागतो. असे सात मासे मालकाचे. आठवा त्याचा! सातवा दिला की पक्षी थांबतो. दोरी सैल करा, आठवा त्याच्या चोचीत द्या, मगच तो पुन्हा बुडी मारणार. नाही दिला तर दगड! ढकला, ओरडा, पाया पडा, हलणार नाही. आमच्याकडे पोरं बोलायला लागायच्या आधी हे शिकतात. मीही शिकलो होतो. हे लक्षात ठेवा, मला माहीत होतं! म्हणूनच जास्त लाज वाटते.

असो. तर एके दिवशी थान मावशींनी जाहीर केलं, "बसस्टँडवर आपल्या धर्मशाळेचा मोठा फलक लावायचाय. येत्या रविवारी पहाटे कँटनहून फोटोवाले येतायत, आपले बोचकेवालेही काढतील. सगळ्यात चांगला फोटो फलकावर. आणि फोटोत जो असेल त्याचाच तराफा पुढे वर्षभर धर्मशाळेचा. पाहुणे फक्त त्याच्याच तराफ्यावरून जातील."

मी विचारलं, "आणि पाहुण्यांबरोबर कोण जाणार?"

"कोण म्हणजे? युन. रोज."

रोज! युन! त्या तराफ्यावर! माझ्या डोक्यात फटाक्यांची माळच लागली.

मी त्याच पावली म्हणालो, "मावशी, माझा फोटो काढा!"

मावशींनी मला वरून खालपर्यंत बघितलं, बाजारात न विकलेल्या कोबीकडे बघतात तसं. म्हणाल्या, "आनिंग बाळा, लोक एवढ्या लांबून येतात ते म्हातारा कोळी बघायला. तुझ्यासारखे त्यांच्या गावात व्यायामशाळेत मिळतात."

म्हातारा पाहिजे काय? ठीक आहे! म्हातारा देतो!

माझा बेत एकदम साधा होता. रविवारी पहाटे आबांच्या जागी मी! तेच इरलं, तीच टोपी, तोच मामा, तेच धुकं. फोटो फलकावर चढला की भर बसस्टँडवर युनसमोर दाढी ओढून काढायची आणि म्हणायचं, "बघ, मी आहे!" ती अवाक. खळी. बास!

प्रश्न एकच होता. दाढी. माझ्या हनुवटीवर एकूण अकरा केस आहेत. मोजलेत.

दोन दिवस नुसता दाढ्या शोधत हिंडलो. शेळीची बघितली, पिवळट निघाली. शिवाय शेळीने ढुशी मारली. आणि मग शनिवारी दुपारी पूर्वजांच्या देवळापाशी डुलकी काढायला गेलो, तर कोपऱ्यात कोण? सिंह! आमच्या सिंहनाचाचा सिंह! नववर्षाला दोघं आत शिरून नाचवतात तो, एरवी त्याचं मुंडकं तिथेच धूळ खात पडलेलं असतं. आणि त्या मुंडक्याला दाढी. पांढरीशुभ्र. झुपकेदार. आबांपेक्षा वीत दीड वीत लांबच!

सिंहाची दाढी कापडाच्या पट्टीवर शिवलेली असते, पट्टीची दोन टोकं बांधून केलेला मोठा फास सिंहाच्या कानामागून जातो. सिंहाचं तोंड माझ्या तोंडाच्या तिप्पट, त्यामुळे फास मला सैल, पार सैल. त्यावर मी युक्ती काढली: चिकट तांदळाची खळ! आई सणाला दारावर लाल कागद चिकटवते ती. पुढच्या सणापर्यंत निघत नाही! सिंहाला हात जोडले, म्हटलं, "एक दिवसाचा प्रश्न आहे," आणि दाढी शर्टात कोंबून पळालो.

संध्याकाळी जेवताना आबांसमोर तांदळाच्या दारूचा घडाच ठेवला.

"आज एवढा लाड?" आबांनी डोळे बारीक केले.

"उद्या तुमचा मोठा दिवस ना आबा! घ्या, अंगात ऊब राहते."

"शहाणा झालास," आबा म्हणाले. वाडगा घेऊन मागच्या दारी वाऱ्याला जाऊन बसले. चार वेळा वाडगा भरून नेला. मी मनात म्हटलं, झालं! आता दुपारपर्यंत उठत नाहीत!

फटफटायच्या आत मी नदीवर. खळ लावली, दाढी चिकटवली, इरलं, टोपी, कंदील, मामा बांबूच्या टोकावर. फक्त एक गोष्ट मी मुद्दाम घेतली नाही. आबा रोज कमरेला माशांची टोपली बांधतात. तिचा तो वास! मी केसांना नवं जास्वंदीचं तेल लावलेलं, युन जवळ येणार, दूध पाजणार, आणि मी मासळीबाजारासारखा घमघमणार? छे! शिवाय आज मासे धरायचेत कुठे? नुसते फोटो काढायचेत. टोपली घरीच ठेवली.

आणि मित्रहो, सुरुवात काय झाली म्हणून सांगू! काठावर तीस-चाळीस माणसं. कॅमेऱ्यांच्या तिवया रोवलेल्या. पपनसं विकणारे वेई काकाही टोपली घेऊन आलेले, हेच आमच्या सिंहनाचाचे म्होरके, त्यांना बघून मी टोपी जरा खाली ओढली. पण धुकं दाट होतं. आणि धुक्यातून लाल शाल आली!

"आबा! आज लवकर?"

मी घसा बसलेला आवाज काढला. "हं."

"सर्दी झाली वाटतं. थांबा." तिने शाल माझ्या गळ्याला गुंडाळली. माझ्या! दुधाचा पेला माझ्या ओठांना लावला. फुंकर घातली! त्या दाढीला अजून फटाक्यांच्या धुराचा वास येत होता, नाकात हुळहुळत होतं, शिंक अशी नाकाच्या टोकाशी येऊन बसलेली. पण मी दाबली. या क्षणासाठी मी दहा शिंका गिळल्या असत्या!

आणि तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? नाही! माझ्यातला शहाणा जागा झाला. खोकत खोकत विचारलं, "युन पोरी... आमचा आनिंग कसा वाटतो गं तुला?"

"आनिंग?" ती पेला पुसत म्हणाली. "मुलगा चांगलाय हो. तराफा तुमच्यापेक्षाही बरा चालवतो, रागावू नका."

स्वर्ग! दोन बोटं उरला होता!

"हसला की छानही दिसतो. पण हसतो कधी? सारखा तुमच्याकडे टक लावून बसलेला, मासळीच्या दुकानाबाहेर मांजर बसतं तसा! परवा तर मी तुमची दाढी विंचरत होते, तर हा स्वतःचाच बांबू चावत होता. आबा, त्याला एकदा वैद्याला दाखवा."

खरंच चावला होता.

"चला आजोबा, सुरू करू!" फोटोवाल्यांनी हाक मारली.

तराफा आत ढकलला. बांबू उचलला, मामाने तोल सावरायला दोन्ही पंख पसरले, मागे डोंगरसुळके, खाली धुकं, कंदिलाचा पिवळा उजेड. काठावर 'आहा' झालं! खटखटखट! एक. तराफा वळवला, बांबू उचलला, पंख, खटखट! दोन. तीन. चार. अहो, मी रंगातच आलो! पाचव्याला मी टोपी जरा तिरकी केली. सहाव्याला दूर क्षितिजाकडे बघितलं. सातव्याला तर डोळ्यांत पाणी आणलं! एक फोटोवाला गुडघ्यावर बसला. एक बोचकेवाली नाक पुसायला लागली. मनात म्हटलं, आबा, बघा! तुम्ही नुसते उभे राहता, याला म्हणतात कला!

"वन मोर!" काठावरून आवाज.

मी बांबू उचलला.

मामाने पंख पसरले नाहीत.

पुन्हा उचलला. काही नाही. पंख मिटून असा बसला, जणू देवळाच्या दारावरचा दगडी पक्षी. बांबू हलवला. मान वळवून त्याने फक्त माझ्याकडे बघितलं. एक डोळा. गोल. हिरवा.

"मामा," मी दातांतून पुटपुटलो, "पसर ना. पसर रे. लोक बघतायत."

काठावरून युन ओरडली, "आबा! सात झाले की! द्या ना त्याला!"

सात.

सात! मामा फोटो मोजत होता! वीस वर्षं मासे नाहीत, तर या म्हाताऱ्या पक्ष्याने पंख मोजायला सुरुवात केली होती! सात वेळा पंख, आठवा मासा! आणि मला वाटलं, फोटोला कसली आली मजुरी! सख्खा कोळ्याचा नातू मी! परक्या माणसाला ही चूक माफ असती, कारण त्याला मुळात मोजणीच माहीत नसती!

"टोपली कुठाय तुमची?" युन ओरडली. मग स्वतःच म्हणाली, "हां, आज दाढीखालचाच द्या!"

दाढीखालचा?

हे मात्र मला खरंच माहीत नव्हतं. आबा रोज एक लहानसा मासा इरल्याच्या गळपट्टीत खोचून ठेवतात. बरोबर दाढीच्या खाली. म्हणून तर तो पक्षी त्यांच्याकडे असा प्रेमाने बघतो! म्हणून ते सगळे गालाला चोच लावलेले फोटो! आणि मी वर्षभर समजत होतो, यांच्यात काहीतरी जन्मोजन्मीचं नातं आहे!

मला माहीत नव्हतं. मामाला माहीत होतं.

तो बांबूवरून चालत आला. शांतपणे. एकेक पाऊल. माझ्या खांद्यावर चढला आणि दाढीत डोकं घातलं. डावीकडे शोधलं. उजवीकडे शोधलं. धुक्याने खळ केव्हाच पातळ झाली होती, गालावरून ओघळत होती. मासा काही मिळेना, तसा मामा आणखी खोल शिरला आणि त्याची मान दाढीच्या त्या मोठ्या फासातून सरळ आरपार गेली!

आता तो बाहेर यायला बघतोय, आणि दाढी त्याच्या गळ्यात! त्याने ओढलं. मी ओढलं. तो पंख माझ्या तोंडावर फडाफड मारतोय, मी कंदील सांभाळतोय, आणि नेमकी तेव्हाच ती शिंक आली! सकाळपासून दाबलेली! आक्छीऽऽ! अशी की समोरच्या डोंगरावरून परत आली!

"मामा, सोड! सोड, गाढवा!" मी किंचाळलो. माझ्या स्वतःच्या आवाजात. तेवीस वर्षांच्या.

"हा आबांचा आवाज नाही..." युन हळूच म्हणाली.

चर्रऽऽ! दाढी निघाली. बरोबर माझे अकरा केसही गेले. मामा उडाला तराफ्याच्या शेंड्यावर, मी गेलो मागे, पाण्यात!

तुम्ही म्हणाल, त्यात काय, तराफेवाल्याला पोहता येतं. येतं हो! पण काथ्याचं इरलं पाण्यात पडलं की काय होतं ते कधी बघितलंय? सगळी नदी पिऊन घेतं! मी भिजलेल्या गवताच्या गंजीसारखा तिथेच लोंबकळलो. ना वर, ना खाली. नुसता एक हात बाहेर. आणि काठावर? खटखटखटखट! मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसे कॅमेरे! पाच जण मला वाचवायला धावले असते, पण त्यांच्या हातात कॅमेरे होते!

आणि वरून वेई काका गरजले, "अरेऽऽ! ती तर आपल्या सिंहाची दाढी! कुणी केली सिंहाची हजामत?"

तेवढ्यात बांबूच्या बेटामागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "ओरडू नका. पक्षी बिचकतो."

आबा! लांब लोकरी चड्डीत, हातात तांदळाच्या शेवयांचा वाडगा, शेवया ओढत ओढत बाहेर आले. ताजेतवाने! दारू सगळी मागच्या दारच्या मिरचीच्या रोपांना पाजली होती, हे मला नंतर कळलं. रोपं अजून वाकडी आहेत.

आबांनी खिशातून एक चिमुकला मासा काढला, शीळ घातली. मामाने तिथूनच मान वर केली, आबांनी फेकला, त्याने झेलला. आठवा! आणि मग त्याने तराफ्याच्या शेंड्यावर उभं राहून दोन्ही पंख पसरले. असे पसरले की विचारू नका! गळ्यात छातीभर पांढरी दाढी, मागे सोनेरी धुकं, चेहरा गंभीर, जणू नदीचा सगळ्यात जुना सरपंच!

काठावर पुन्हा नुसतं खटखटखट.

आबांनी दुसऱ्या बांबूने मला ओढून काठाला लावलं. मी इरल्यातून पाणी गाळत बसलो. तांदळाची खळ कानात गेलेली. वर बघायची हिंमत नव्हती. युन आली, तिने माझ्या गळ्यातली तिची शाल सोडवली, पिळली आणि काही न बोलता गेली. काही न बोलता! ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आबा शेजारी बसले. "मागायचं होतंस की रे."

"काय?"

"पक्षी. महिनाभर बघतोय, बांबू चावतोयस. म्हटलं, आज म्हणेल, आबा, मलाही शिकवा. आज म्हणेल. पण तू सिंहाची दाढी चोरलीस, मला विचारलं नाहीस."

"तुम्ही कशाला शिकवाल? सगळं जग तुमच्याच गळ्यात पडतंय!" मी इरलं पिळत ओरडलो. "मला सांगतात बाजूला हो, डोंगर झाकतोस!"

आबा शेवया ओढायचे थांबले. "अरे येड्या, माझे फोटो का काढतात माहितीय? उद्या मी असेन की नाही, नेम नाही म्हणून. तुझी कुणाला घाई नाही. बत्तीस दात, धड गुडघे. मी रोज सकाळी ते दूध का पितो? चावता येत नाही म्हणून! आणि तू शेजारच्या तराफ्यावर ऊस सोलून खात असतोस. कडाकडा! रोज! माझ्या समोर!" ते तोंड फिरवून म्हणाले, "फार जळतो मी तुझ्यावर."

मग त्यांनी उरलेल्या शेवया माझ्यापुढे केल्या. गार झालेल्या. वरचे शेंगदाणे सगळे तसेच ठेवलेले, त्यांना चावत नाहीत ना! मी कडाकडा खाल्ले. आबांनी शिवी दिली.

पंधरा दिवसांनी फलक लागला. यांगशुओच्या बसस्टँडवर, दोन मजले उंच! त्यावर मामा. एकटा. दाढीसकट.

आता बोचकेवाले उतरल्या उतरल्या विचारतात, "तो दाढीवाला पक्षी कुठाय?" थान मावशी म्हणाल्या, शब्द म्हणजे शब्द, फोटोत जो आहे त्याचा तराफा. मामाला तराफा चालवता येत नाही, आबांनी गुडघे दाखवून अंग काढून घेतलं, राहिलो मी. सिंहाची दाढी मामालाच ठेवली. वेई काकांना नवी आणून द्यावी लागली आणि येत्या नववर्षाला सिंहाचं मागचं ढुंगण कोण होणार हेही त्यांनी ठरवून टाकलंय.

आणि हो, युन रोज माझ्या तराफ्यावर बसते! रोज! मनासारखं झालं ना? नाही हो! ती पुढे बसते, माझ्याकडे पाठ करून. लाल शाल मामाच्या गळ्यात. दाढी विंचरते. मामाची! आणि तो मान वाकडी करतो, 'इकडे एक गाठ राहिली' अशी! मी बघितलंय. जवळून! आबांवर जळत होतो ते दिवस बरे होते, ते निदान माणूस तरी होते.

पाहुणे तिला फलकावरच्या फोटोबद्दल विचारतात, "डाव्या कोपऱ्यात पाण्यातून वर आलेला तो हात कुणाचा?"

"आमच्या तराफेवाल्याचा," ती सांगते. मान न वळवता.

शेवटी काल मी ठरवलं. बास! तराफा नेला वळणापर्यंत, आणला. एक फेरी. दुसरी. तिसरी. मी मोजत होतो. सातवी फेरी झाली आणि मी बांबू आडवा ठेवला. बसलो. दगड!

पाहुणे ओरडले. थान मावशी काठावरून ओरडल्या. मी हललो नाही. एक डोळा बारीक करून फक्त युनच्या पाठीकडे बघत राहिलो.

आणि ती वळली! इतक्या दिवसांत पहिल्यांदा! माझ्याकडे बघितलं, बोटांवर सात मोजले आणि हसली. खळी पडली! मग तिने मामाच्या माशांच्या टोपलीत हात घातला आणि एक चिमुकला मासा माझ्या तळहातावर ठेवला.

कच्चा होता. शेपटी हलत होती.

खाल्ला.